गार्डबाबू पाण्यावर राहायला गेले

गोंदियाजवळच्या कुडव्यात ज्या घरात मी वरच्या मजल्यावर किरायाने राहत होते, त्या घराचा मालकच एके दिवशी घर सोडून निघून गेला. किरायदाराने घर सोडल्याच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात. मालकाने बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन, खालच्या मजल्याच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर नावेत राहायला जाण्याची गोष्ट मात्र माझ्या एकटीकडेच असावी. मी ती सांगायला लागले की ऐकणारा आधी विचारतो, "डोकं ठिकाणावर होतं ना त्यांचं?"

होतं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांपेक्षा जास्त ठिकाणावर होतं.

सगळा मोहल्ला त्यांना गार्डबाबू म्हणायचा. नोकरीभर त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून प्रवास केला होता. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, हे त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं. "म्यानेजर बँकेत असते," ते म्हणायचे. "गार्ड म्हंजे राखनदार. ड्रायवर पुढं पाह्यते, आमी मागं पाह्यतो. कोनी सुटलं तं नाही ना, एवढंच आमचं काम."

निवृत्त झाल्यावरही त्यांचं हे मागे पाहणं सुटलं नव्हतं. घरातून बाहेर पडताना सगळ्यांत शेवटी ते निघत. लग्नाच्या वरातीत ते बँडपासून खूप लांब, शेवटच्या म्हातारीच्याही मागे चालत. पंगतीला शेवटच्या रांगेत बसत आणि सगळ्यांत हळू जेवणाऱ्या पोराचं पान पुसून होईपर्यंत उठत नसत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते अंगणातून शिट्टी वाजवून बोलवायचे. काकू आतून ओरडायच्या, "मी काय मालगाडी आहो का, शिट्टीवर निंगाले?" आणि निघायच्या.

त्यांना पलंगावर झोप येत नसे. हलत्या डब्यात डुलक्या काढण्यात आयुष्य गेलेलं. स्थिर जमिनीवर पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. व्हरांड्यात त्यांनी लोखंडी झोपाळा टांगून घेतला होता आणि त्यावर ते जेवणानंतर पाय दुमडून पडत. त्यांच्या खोलीतला पंखा खडखड वाजायचा. मी एकदा म्हटलं, माझ्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आहे, पाठवू का? घाबरून म्हणाले, "नोको जी मॅडम. तेवढाच तं आवाज आहे या घरात."

मी नाशिककडची. इथल्या कॉलेजात शिकवायची नोकरी लागली म्हणून गोंदियात आलेली. पहिल्या वर्षी मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नसे, आणि जे कळायचं ते जरा उद्धट वाटायचं. नंतर कान सरावला. मग माझ्या गावाकडचंच बोलणं मला उगाच गुळगुळीत वाटायला लागलं.

घरात तिसरं माणूस होतं ते गार्डबाबूंची आई. ते तिला माय म्हणत. बाकी सगळा मोहल्ला आजी. लहानखुरी, पाठीत वाकलेली, लुगड्याचा काष्टा अजूनही स्वतः घालणारी. मी राहायला आले तेव्हा ती माझं नाव, माझं गाव, माझ्या आईचं नाव विचारायची आणि लक्षात ठेवायची. मग हळूहळू तिच्यातलं एकेक काही निसटत गेलं. आधी आजची तारीख गेली, मग शेजाऱ्यांची नावं, मग एके दिवशी मुलाचं. पण एक गोष्ट नवीन आली. दुपारचं जेवण झालं, ऊन व्हरांड्याच्या पायरीवर आलं, की ती उठायची. एक लुगडं, एक फणी आणि मूठभर मुरमुरे यांचं गाठोडं बांधायची आणि फाटकाशी जाऊन उभी राहायची.

"चाल. मले घरी जाचं आहे."

"माय, हे घरच तं आहे," गार्डबाबू म्हणायचे.

"हे तुमचं आहे," आजी सभ्यपणे सांगायची. "मले माह्या घरी जाचं आहे."

गार्डबाबूंनी ते घर शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. स्कूटरवर मागे बसवून, कमरेला ओढणीने बांधून, ते तिला तिच्या सासरच्या गावी घेऊन गेले. मग माहेरच्या गावी नेलं. तिथे आता पक्कं सिमेंटचं घर, अनोळखी माणसं, आजीने दारातूनच विचारलं, "हे कोनाचं घर होय?" रेल्वेच्या जुन्या क्वार्टरासमोरही उभं केलं, जिथे तिने गार्डबाबूंना वाढवलं होतं. ती म्हणाली, "छान आहे. आता घरी चाल."

कुडव्यातले दुकानदार, रिक्षावाले, शाळेतून परतणाऱ्या पोरी, सगळ्यांनी तिला कधी ना कधी हाताला धरून परत आणलं होतं. एका दुपारी मात्र ती कोणालाच दिसली नाही. आम्ही सगळे गल्ल्यागल्ल्या धुंडाळत होतो. शेवटी ती मोठ्या रस्त्यावर सापडली. एक ट्रक आडवा उभा होता, ड्रायव्हर खाली उतरला होता, आणि आजी गाठोडं छातीशी धरून त्यालाच विचारत होती, "घरी नेतोस का रे बाबू?"

त्या दिवसानंतर फाटकाला कुलूप लागलं. लावलं काकूंनी, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही लावलंच असतं. पण त्यानंतरच्या दुपारी मला वरच्या मजल्यावर बसवत नसे. आजी दोन्ही तळव्यांनी फाटकाचा पत्रा वाजवायची. रडायची नाही, ओरडायची नाही. कोणीतरी दार उघडेल अशा आशेने, दमादमाने वाजवत राहायची. तळवे सुजले. काकू संध्याकाळी त्यांना हळद-तेल चोळत आणि डोळे पुसत. गार्डबाबू फाटकाच्या आत तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहत. एकदा मी खाली गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जन्मभर डब्यांची सिलं तपासली मॅडम. आता मायले सील लावून बसलो."

पुढचा उपाय त्यांनी आपल्या जुन्या सवयीतून काढला. दुपारच्या बालाघाट पॅसेंजरमध्ये आईला खिडकीशी बसवून ते घेऊन गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आणलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला होता. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी खालूनच मला हाक मारली.

"मॅडम! गाडीत एकदाही नाही म्हनली जी, घरी जाचं म्हनून!"

"मग काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. खिडकीतून पाहून राहिली होती. जाऊनच राहिली ना थे. मंग कायले म्हनन?"

काही दिवस हाच क्रम चालला. पण फलाटावरून डब्यात चढणं, जिना, गर्दी हे आजीच्या गुडघ्यांना झेपेना. एकदा पायरीवरून तिचा पाय निसटला आणि गार्डबाबूंनी तिला वरच्या वर झेललं. गाडी बंद झाली. पुन्हा कुलूप, पुन्हा पत्र्याचा आवाज.

मग ते एका लग्नाला केशोरीला गेले. लग्न लावून झाल्यावर माणसं वामकुक्षीला गेली आणि हे एकटे इटियाडोहच्या काठावर जाऊन बसले. समोर पाणी, पाण्यापलीकडे जंगलाचे डोंगर, आणि मधून एक ढीवर आपला डोंगा बांबूने रेटत, जाळं सोडत, सावकाश चालला होता. त्याची म्हातारी आई डोंग्याच्या टोकाला बसून तंबाखू मळत होती. गार्डबाबू म्हणाले, ते दोघे दिसेनासे होईपर्यंत मी बघत होतो. परत आले ते ठरवूनच.

"आपन नावेत राहाले जाऊ," त्यांनी काकूंना सांगितलं. मी भाजीची वाटी परत द्यायला खाली आले होते, ती हातात तशीच राहिली.

काकूंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "अन् संडास कोठी?"

त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. काठावर मच्छीमारांची शेड होती, तिथे सोय होती. सकाळ-संध्याकाळ नाव तिथे लावायची. स्वयंपाकाला सिलिंडर, दिव्याला सोलर. काकूंनी एकेक प्रश्न विचारला, त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि शेवटी काकूंजवळ एकच उरला. "हे घर बांधाले अर्धी जिंदगी गेली. मले पान्याची भीती वाटते, तुमाले माहीत नाही का?"

गार्डबाबू उठून झोपाळ्यावर जाऊन पडले. काकूंनी आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मग एका संध्याकाळी आजीच्या तळव्यांना तेल चोळता चोळता, मान वर न करता, त्या म्हणाल्या, "चला. पन पानी उतरलं का मी वापस."

पहिला विचार नहराचा होता. धरणातून निघालेला नहर धानाच्या बांध्यांमधून लांबवर जातो. त्यातूनच हळूहळू फिरत राहावं, रोज नवं गाव. ते छत्री घेऊन नहराच्या काठाने चालत गेले आणि प्रत्येक पुलाखाली छत्री उघडून उभी धरून पाहिली. परत येऊन म्हणाले, "छत्री नाही निंगत जी, नाव कशी निंगन?" मग धरणातच राहायचं ठरलं आणि वैनगंगेच्या एका घाटावरची जुनी नाव मिळाली. पूल झाल्यापासून ती वाळूत पडून होती. पूर्वी माणसं, मोटारसायकली, बकऱ्या, सगळं तिच्यातून पलीकडे जायचं. ट्रकवर घालून ती आणली. तिच्यावर गोल छप्पर बसवलं, बांबूचे तट्टे लावले आणि एका बाजूला गाडीला असते तशी आडव्या गजांची खिडकी. आजीची जागा.

पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "बाबा, आजीला काही कळत नाही, आणि तुम्ही तिला पाण्यावर नेताय? ती पडली तर? तुम्हाला काही झालं तर?"

"पडन तं मी उडी घेईन," गार्डबाबू म्हणाले. "इथं काय, रोडवर नाही पडून राहिली का?"

"लोक म्हातारपणी घर धरून राहतात हो बाबा. तुम्ही सोडताय?"

"सोडून नाही राहिलो रे. हालवून राहिलो."

मुलाने फोन ठेवला. गार्डबाबूंनी सामानाच्या यादीत हवा भरायच्या दोन ट्यूबा वाढवल्या. त्यांना भीती वाटत नव्हती असं मला कधीच वाटलं नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो फाटकाशी लागला. काकूंनी पाटा-वरवंटा, मसाल्याचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या स्वतः चढवल्या. समोरच्या किराणा दुकानातले शेठ बाहेर येऊन म्हणाले, "गार्डसाहब, रिटायरमेंट के बाद लोग तीरथ जाते हैं, आप पानी में जा रहे हो?"

"माँ को घर ले जा रहा हूँ," गार्डबाबू म्हणाले.

किल्ल्या माझ्याकडे देताना ते एवढंच बोलले, की पंखा अधूनमधून चालू करत जा, नाहीतर धरून बसेल. फाटक उघडं होतं. आजी गाठोडं घेऊन त्यातून चालत गेली आणि टेम्पोत बसली. मागे वळून पाहिलं ते फक्त गार्डबाबूंनी.

हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. काठावर उभी राहिले तेव्हा धुकं इतकं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कुठूनतरी बदकांचा आवाज येत होता. मग शिट्टी ऐकू आली, आणि त्या पांढऱ्यातून आधी छप्पर, मग खिडकी, मग खिडकीतला आजीचा चेहरा असं एकेक करून बाहेर आलं. नाव पाण्यावर चालली आहे असं वाटेना. धुकंच तिच्या बाजूने मागे सरकत आहे असं वाटत होतं.

आत सगळं आटोपशीर होतं. भिंतीला टांगलेल्या पिशव्या, कोपऱ्यात पाटा, मध्ये सतरंजी. काकूंनी भात, वरण आणि झिंग्यांची चटणी वाढली. मी पाहिलं, जेवण होताच त्या नावेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले.

"काकू, भीती गेली?"

"आहे ना. पन दुपारी झोप लागते मले आता," त्या म्हणाल्या. "तिकडं सारखा फाटकाले कान लागून राह्यचा. झोपली तरी जागीच. इथं कोठी जाते थे?" मग आपल्याच पायांकडे पाहत म्हणाल्या, "अन् पानी गरम असते जी सकाळी. मले माहीतच नव्हतं."

ऊन खिडकीच्या गजांवर आलं. आजी उठली, तिने गाठोडं घेतलं.  गार्डबाबूंनी शिट्टी वाजवली, दोरी सोडली आणि बांबू तळाला टेकवून रेटला. नाव हलली. आजी पुन्हा खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर. काठावरचं जंगल मागे जाऊ लागलं. पाण्यात उभी असलेली वाळकी झाडं, त्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे, दूर एका गावाचा धूर, सगळं सावकाश आलं आणि गेलं.  मलाही झोप आणि जाग यांच्या मधल्यासारखं काहीतरी झालं होतं.

"कोठी आलो?" आजीने विचारलं.

"सौंदड गेलं, माय," गार्डबाबू बांबू ओढत रेल्वेलाइनवरची स्टेशनं सांगू लागले. "आता अर्जुनी येईन."

"मंग जवळ आलं."

"हाव. जवळच आलं."

ऊन उतरेपर्यंत असंच चालायचं. मग ते एखाद्या काठाला नाव बांधत. तोवर आजी पेंगलेली असे, आणि सकाळी तिला काही आठवत नसे. ढीवर मंडळी सुरुवातीला हसली. नंतर तेही या नावेला गाडीच म्हणायला लागले, आणि जाळी टाकताना तिच्यासाठी वाट सोडायला लागले.

ते मला परत काठावर सोडत असताना मी त्यांना विचारलं, "रोज असं खोटं सांगायला कसं वाटतं?"

"खोटं काऊन? चालून तं राहिलो." त्यांनी बांबू आडवा ठेवला. "मले तिचं घर भेटलं नाही मॅडम. भेटन असंही वाटत नाही. पन पोचवता येत नाही म्हनून बांधून ठेवाचं का?"

उन्हाळी धानासाठी नहराला पाणी सुटलं आणि धरण उतरू लागलं. मी पुन्हा गेले ते एप्रिलात, सुट्टीत. काठ ओळखू येईना. जिथे पाणी होतं तिथे भेगाळलेली जमीन पसरली होती. गार्डबाबू पाण्यामागे रोज नाव सरकवत होते; पण एका खाडीत रात्रभर बांधून ठेवलेली नाव सकाळी चिखलात बसलेली निघाली. ढीवरांनी खांदे लावून पाहिले. मग ते म्हणाले, आता पावसाळ्यातच उठेल.

मी पोचले तेव्हा नाव एका अंगाला जराशी कललेली होती. काकू आत सामान बांधत होत्या. पाणी उतरलं होतं. ठरलं होतं तसं त्या परत निघणार होत्या, आणि आजीला काय सांगायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. गार्डबाबू बाहेर चिखलात गुडघाभर उभे होते. बांबू रोवलेला होता आणि तो ना पुढे जात होता, ना वर निघत होता.

ऊन खिडकीवर आलं. आजी गाठोडं घेऊन बसली. थोडा वेळ गेला.

"गाडी थांबली काऊन?"

"सिग्नल नाही भेटला, माय."

ती पुन्हा बाहेर पाहत राहिली. बाहेर तेच एक वाळकं झाड होतं, जागच्या जागी. ती म्हणाली, "तुले गाडी चालवता येत नाही," आणि उठली.

काकूंचा हात दाराच्या कडीकडे गेला. "नोको," गार्डबाबू म्हणाले.

"ऊन पाहा! कोठी जाईन थे?"

"जिथं जाते तिथं जाऊ दे. मी आहो मागून."

त्यांनी फळी टाकली. आजी तिच्यावरून हळूहळू खाली उतरली, कोरड्या जमिनीवर तिने पाय टेकले, इकडेतिकडे पाहिलं आणि चालू लागली. तिच्यामागे थोडं अंतर ठेवून गार्डबाबू, त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या काकू आणि छत्री घेतलेली मी. कोणी तिला हाक मारली नाही. ती थांबली की आम्ही थांबायचो. ती वळली की वळायचो. धरणाच्या त्या उघड्या तळातून आम्ही असे चाललो होतो, जणू तिला वाट ठाऊक आहे आणि आम्हीच पाहुणे आहोत.

काठ चढून गेल्यावर मोहाची झाडं लागली आणि त्यांच्या पलीकडे एक कुडाचं घर. अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर मोहफुलं वाळत घातलेली. सगळ्या हवेत त्यांचा गोड, जड वास. एक उतारवयाची गोंड बाई सुपात फुलं घेऊन निवडत बसली होती. तिचं नाव सुकवारो, हे आम्हाला नंतर कळलं. आजी सरळ अंगणात शिरली.

"आले वं मी," ती म्हणाली.

सुकवारोने वर पाहिलं. आजीला पाहिलं, कुंपणाबाहेर थांबलेल्या आम्हा तिघांना पाहिलं. "आली का? बस. लय ऊन आहे," ती म्हणाली आणि दुसरं सूप तिच्याकडे सरकवलं.

आजी बसली. तिने सूप मांडीवर घेतलं आणि फुलांतला कचरा निवडू लागली. मुलाचं नाव विसरलेल्या त्या बाईची बोटं भराभर चालत होती. काही वेळाने ती उठली, गाठोडं सोडलं, त्यातलं लुगडं झटकलं आणि कुंपणाच्या बांबूवर वाळत घातलं. ते ओलं नव्हतं. पण बाई घरी आली की जसं घालते, तसं घातलं.

काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता.

गार्डबाबू कुंपणाबाहेरच उकिडवे बसून राहिले. सुकवारोने पाणी आणून दिलं, तेही त्यांनी बाहेरच घेतलं. ऊन कलल्यावर त्यांनी भीतभीत विचारलं, "माय, चाल आता, घरी जाऊ."

आजीने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "घरीच तं आहो," ती म्हणाली. "तू कोनाचा रे? जेवून जा."

त्या दिवसापासून ती कधीच घरी जायचं म्हणाली नाही. ती सुकवारोच्या ओसरीत झोपू लागली. काकूंनी बांधलेलं सामान सोडलं, चिखलात बसलेल्या नावेतच चूल चालू ठेवली, आणि दिवसभर त्याही त्या अंगणात असायच्या. आजीला आंघोळ घालायची, तिच्यासाठी पेज आणायची, सुकवारोबरोबर टोळ्या, म्हणजे मोहाच्या बिया, फोडायच्या. पुण्याहून मुलगा भांडायचं ठरवून आला होता. अंगणात बसला, आजीच्या हातचे मुरमुरे खाल्ले, आणि जाताना वडिलांच्या पाया पडला. पाऊस आला, पाणी चढलं, आणि एका सकाळी नाव आपणहून उठून तरंगू लागली. गार्डबाबूंनी तिला नुसती दोरी बांधली.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आजी गेली. सकाळी पेज प्यायली, भिंतीला पाठ टेकली, बांध्यांत गाणाऱ्या बायकांचं गाणं ऐकत होती. काकू भांडं घासून आल्या तोवर संपलं होतं. तेरवी त्याच अंगणात झाली. मग गार्डबाबूंनी नाव ढीवरांना देऊन टाकली, आणि ती दोघं कुडव्याला परतली. दर उन्हाळ्यात मोहफुलांच्या दिवसांत ती सुकवारोकडे जाऊन राहतात, सासुरवाशीण जशी माहेरी जाते तशी.

तेरवीच्या दिवशी मी तिथे होते. पाहुणे गेले होते. अंगणात खरकट्या पत्रावळींचा ढीग होता आणि बारीक पाऊस पडत होता. सुकवारो ओसरीत बसली होती. गार्डबाबू तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि बऱ्याच दिवसांपासून राहून गेलेलं त्यांनी विचारलं.

"बाई, तुमी तिले ओळखत नव्हता. पाह्यलीही नव्हती कधी. मंग त्या दिवशी घरात कशी घेतली जी?"

सुकवारोला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, की या माणसाला झालंय काय.

"थे म्हनली ना, मी आले म्हनून," ती म्हणाली. "घरी आलेल्या मानसाले कोनी इचारते का, कायले आली?"

 पावसाचं पाणी गार्डबाबूंच्या नुकतंच मुंडण केलेल्या डोक्यावरून ओघळत होतं. मग ते वळले, छपराखालची कुऱ्हाड उचलली, आणि चुलीसाठी पडून राहिलेली सुकवारोची लाकडं फोडायला लागले.